हरणावर नेम कुठे धरायचा: फुप्फुस, खांदा की मान?

मॅडिसनकर (धागाकर्ता)

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमच्या विस्कॉन्सिनात नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. हल्ली इथल्या मराठी मंडळींपैकीही काहीजण नारिंगी जाकीट चढवून मचाणावर बसू लागलेत. हंटर सेफ्टीचा कोर्स सगळे करतात, पण नेम कुठे धरायचा हे मात्र यूट्यूबवर शिकतात. आणि तिथे सध्या 'उंच खांद्या'ची लाट आहे. गोळी खांद्याच्या हाडातून मणक्याच्या आसपास घाला, हरीण जागच्या जागी कोसळतं, व्हिडिओ झकास होतो.

माझा याला विरोध आहे. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची आणि छातीच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, पायाच्या किंचित मागे थांबायचं. तिथे खाली हृदय, वर दोन्ही फुप्फुसं. लक्ष्य आठ-नऊ इंचांचं मिळतं. गोळी तीन इंच इकडेतिकडे गेली तरी काम होतं.

उंच खांद्यात ही सूट नाही. बऱ्याच जणांना वाटतं पाठीची रेघ म्हणजे मणका. खांद्यांच्या मधे मणका बराच खाली उतरलेला असतो आणि त्याच्या वर नुसते लांब काटे आणि मांस. गोळी तिथे लागली तर हरीण धक्क्याने पडतं, तुम्ही मित्राला फोटो पाठवायला मोबाइल काढता, तेवढ्यात ते उठून चालू लागतं. डोक्याचं तर बोलूच नये. मेंदू मुठीएवढाही नसतो, मान सतत हलत असते आणि चूक झाली तर जबडा फुटलेलं जनावर खाऊ-पिऊ न शकता दिवसेंदिवस झुरून मरतं.

मतं येऊ द्या. शिकार करावी की नाही यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

टेक्सासचा तात्या

असहमत, आणि जोरात असहमत.

तुमच्याकडे सरकारी जंगलं असतील. टेक्सासात जवळपास सगळी जमीन खाजगी. मी भाड्याने घेतलेल्या तुकड्याला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्याची तार आहे. फुप्फुसात लागलेलं हरीण शंभर यार्ड सहज पळतं. त्या शंभर यार्डांत ते तार ओलांडतं आणि मालकाची परवानगी नसताना मी मागे गेलो तर तो अतिक्रमणाचा गुन्हा. वर संध्याकाळचा शेवटचा उजेड, मेस्किटचं काटेरी रान, पायाखाली निवडुंग, आणि कायोटी (कोल्ह्यासारखे रानकुत्रे) आपल्या आधी पोचायला टपलेले. अशा जागी हरीण जागेवर पाडणं ही फॅशन नाही हो, गरज आहे.

मटण वाया जातं म्हणाल. जातं थोडं. खांद्याचा शेवटी खिमाच करतात ना सगळे?

आणि शंभर यार्डांवर तीन इंचांत गोळ्या बसत नसतील त्याने कुठेही नेम धरू नये. आधी रेंजवर जावं.

मॅडिसनकर

तात्या, रेंजवर बाकावर बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन इंच सगळ्यांचेच बसतात. शून्याखाली तापमान, बोटं बधिर, समोर आठ फाट्यांची शिंगं आणि कानात स्वतःचेच ठोके, अशा वेळी बसतात का ते सांगा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत जायला इथेही बंदी आहे. म्हणून आम्ही मचाण हद्दीपासून आत बांधतो.

टेक्सासचा तात्या

आत बांधायला आधी 'आत' असावं लागतं!

पिट्सबर्गची धनुर्धर

दोघांचं भांडण रायफलवाल्यांचं आहे. धनुष्यवाल्यांना खांदा हा पर्यायच नाही. बाण हाड फोडत जात नाही, खांद्याच्या पात्यात अडकतो आणि जनावर जायबंदी होऊन निघून जातं. बाण मारतो तो रक्तस्रावाने. त्यामुळे आमचा जीव बरगड्यांच्या त्या वीतभर जागेत अडकलेला.

त्यातही एक गोम आहे जी नवख्यांना कोणी सांगत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो आणि चांगल्या कंपाउंड (चाकं-दोऱ्यांच्या) धनुष्याचा बाण साधारण ३००. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार आधी ऐकू येतो आणि बाण नंतर पोचतो. बिचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसल्यासारखं होतं. म्हणजे फुप्फुसांच्या मधोमध धरलेला बाण पाठीवरून जातो. मी म्हणून हृदयावर धरते, छातीच्या अगदी खालच्या भागात. हरीण खाली गेलं तर फुप्फुस मिळतं, नाही गेलं तर हृदय. शेपटी आपल्याकडे आणि तोंड पलीकडे अशा तिरक्या हरणावर तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघून बाण सोडायचा. तो बाहेर कुठून निघणार ते आधी ठरवायचं, आत कुठून जाणार ते आपोआप ठरतं. मचाणावरून खाली मारताना हे आणखीच खरं.

सोडल्यावरही घाई नको. बाण उचलून बघा. गुलाबीसर, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून निघालात तरी हरीण पडलेलं सापडेल. काळपट लाल म्हणजे यकृत, काही तास द्या. आणि बाणाला हिरवट-तपकिरी घाण व तो वास आला तर पोटात लागलंय. मग मुकाट घरी जा, आठ-बारा तासांनी परत या. लगेच मागे लागलात तर ते मरायला टेकलेलं असूनही मैलभर पळतं आणि मग ना तुम्हाला, ना कोणाला.

नवशिक्या_आयोवा

आणि हरीण तोंड करून आपल्याकडेच बघत असेल तर? व्हिडिओत समोरून छातीत मारतात.

पिट्सबर्गची धनुर्धर

थांबायचं. बाण तर नाहीच नाही.

मॅडिसनकर

+१. रायफलनेही नवख्याने नको. दोन-चार इंच चुकलं की एकच फुप्फुस आणि वर पोट फुटतं. आतला मळ मांसावर सांडला की साफ करताना नाक धरावं लागतं.

कीस_पाडू

नेमाच्या चर्चेत दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही स्वयंपाकघरातल्या.

एक, शिसं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते वाटू नका असं आरोग्य खात्याला सांगावं लागलं. शिशाची वेगवान गोळी हाडावर आपटली की चुरा होतो आणि डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून फूटभर लांबही जातात. खांद्यावर मारणं म्हणजे मुद्दाम हाडावर मारणं. 'खिमाच करायचा' म्हणणाऱ्या तात्यांनी तो खिमा पोरांना वाढताना विचार करावा. तांब्याची गोळी फुलते, पण फुटत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

दोन, सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणांच्या मेंदूला पोखरणारा हा रोग विस्कॉन्सिनात २००२ साली सापडला, मॅडिसनच्या पश्चिमेला माउंट होरेबजवळ. तपासणीसाठी घशामागच्या लसिकाग्रंथी किंवा मेंदूचा देठ लागतो. डोक्यात किंवा वरच्या मानेत गोळी घातलीत की नमुन्याचाच चेंदामेंदा. माणसाला हा रोग झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरीण खाऊ नका असाच अधिकृत सल्ला आहे. तपासता येऊ नये असं हरीण मी तरी शिजवणार नाही.

स्कॉटलंडची सून

डोक्या-मानेची इतकी निंदा वाचून राहवेना. आमच्या खोऱ्यात पगारी शिकारी लाल हरणं मारतात ती छंद म्हणून नाही. लांडगा आणि लिंक्स (रानमांजर) कधीच संपले, स्कॉटलंडभर सगळ्या जातींची मिळून हरणं अंदाजे दहा लाख. २०२३ पासून नरांना बंद हंगामही उरलेला नाही. मांस व्यापाऱ्याकडे जातं आणि छाती फाटलेल्या जनावराचा भाव पडतो. त्यामुळे जवळच्या अंतरावर, स्टँडवर रायफल टेकवून, मान स्थिर असताना मानेत मारणारे माझ्या माहितीत आहेत आणि ते चुकत नाहीत.

पण तेच लोक पाहुण्यांना, म्हणजे पैसे भरून शिंगांसाठी आलेल्यांना, छातीवरच नेम धरायला लावतात. इथलं अधिकृत मार्गदर्शनही बहुतेकांना छातीच सांगतं. एकच हरीण, दोन माणसांना दोन जागा. त्यामुळे 'योग्य जागा कोणती' हे बंदूक कोणाच्या हातात आहे ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही, असं माझं म्हणणं.

मॅडिसनकर

मग आपण भांडत नाही आहोत. माझा धागा त्या पाहुण्यांसाठीच आहे.

तुळशीवाला

वेगळा धागा काढा म्हणालात, तरी लिहितो, कारण विषयाला धरूनच आहे. आत्तापर्यंत कुंपण झालं, खिमा झाला, तपासणी झाली, व्यापाऱ्याचा भाव झाला. हरणाला मरायला किती वेळ लागतो हा मुद्दा कोणाच्याही यादीत पहिला नाही. नेमाची चर्चा खरं तर त्याच्यासाठी हवी ना?

स्कॉटलंडची सून

टोमणा बसला. उत्तर द्यायचं तर: मानेचा मणका तुटला की तत्क्षणी, दोन्ही फुप्फुसं गेली तर काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग ते शंभर यार्ड पळालेलं दिसलं तरी. पोटात लागलं तर तासन् तास. आणि मान दोन इंचांनी चुकली तर अन्ननलिका किंवा श्वासनलिका फाटलेलं हरीण. म्हणजे सर्वांत जलद जागा आणि सर्वांत वाईट जागा यांच्यात दोन बोटांचं अंतर. माझ्या आधीच्या प्रतिसादात हे यायला हवं होतं हे मान्य.

मॅडिसनकर

तुळशीवाले, एवढंच सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती, आज तीन कोटींच्या घरात आहेत. १९३७ च्या कायद्याने रायफली आणि गोळ्यांवर बसलेला ११ टक्के कर वन्यजीव खात्यांकडे जातो. 'मारूच नका'चा हिशोब इथे इतका सरळ नाही.

वऱ्हाडी मानूस

भाऊ, तुमचं वाचून मजा वाटली. आमच्याकडं रोही (नीलगाय) रातभर हरभऱ्यात, तुरीत लोळते, रानडुक्कर सोयाबीन उपटते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, परवानगीचा कागद फिरत फिरत येईस्तोवर पीक साफ. मग काय होते? कोणी कुंपणात करंट सोडते, कोणी फास लावते, कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बारूद भरून ठेवते. त्याच्यात नेम कुठचा? रोही मरते, डुक्कर मरते, कधी वाघ मरते, कधी रातच्याला पाणी द्यायला गेलेला शेतकरीच मरते. २०१६ मंदी बिहारात सरकारनं हैदराबादचे नेमबाज आणून मोकाम्यात दोनशेच्या वर नीलगाई मारल्या तर दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांतच जुंपली. करंटनं मेलेल्यासाठी कोणी बोंबलत नाही.

म्हणून म्हणतो, हृदय का फुप्फुस हा प्रश्न पडते ना तुम्हाले, ही मोठी चैन आहे.

तुळशीवाला

वऱ्हाडी भाऊ, करंटच्या तारेबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यावर उपाय म्हणून शेतकऱ्याच्या हाती रायफल, हे पटत नाही. सौरकुंपणाला अनुदान द्या, नुकसानभरपाई वेळेत द्या.

वऱ्हाडी मानूस

सौरकुंपण रोही उडी मारून पार करते. येऊन पाहा एकदा.

पिट्सबर्गची धनुर्धर

मूळ विषयाकडे येते. तात्या, तुमची अडचण नेमाची नसून माग काढण्याची आहे. पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला आमच्याकडे परवानगी आहे, टेक्सासच्या बहुतेक काउंट्यांतही आहे. हंगामाआधी शेजाऱ्याकडे जाऊन परवानगीचं बोलून ठेवा, कुत्रेवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि फुप्फुसावर धरा. तुमचा शेजारी काही अगदीच राक्षस नसणार.

टेक्सासचा तात्या

तुम्ही माझा शेजारी पाहिलेला नाही.

तरी कुत्र्याचं बरोबर आहे, नंबर घेतो. तुकड्याच्या मध्यावर हरीण आलं तर फुप्फुस, मान्य. तारेपासून साठ यार्डांच्या आत आलं तर मी खांद्यावरच धरणार, त्यात बदल नाही.

मॅडिसनकर

आणि उजेड कमी असेल तर?

टेक्सासचा तात्या

तर सोडून देणार, तेवढी अक्कल आहे.

कीस_पाडू

खांद्यावर धरा, पण गोळी कोणती वापरता ते सांगा.

टेक्सासचा तात्या

तांब्याचीच, १५० ग्रेन वजनाची, .३०८ कॅलिबरची. मघाशी तुम्ही खिम्यावरून बोललात तेव्हा मी मुद्दामच गप्प बसलो. त्या गोळीच्या किमतीवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने भांडतो.