आता फोडलेच आहे तर... : वाढत गेलेल्या घरकामांचे अनुभव

आमच्या घराचे काम एका ओल्या डागापासून सुरू झाले. डाग आमच्या घरात नव्हताच; तो खालच्या मजल्यावरील काकांच्या न्हाणीघराच्या छतावर होता, आणि ते स्वतः वर येऊन, मोबाईलवरील छायाचित्र दाखवत, "एकदा बघून घे गं, घाई नाही," असे सौम्यपणे सांगून गेले. कोथरूडमधील हा फ्लॅट आम्ही दोन वर्षांपूर्वी पुनर्विक्रीत घेतला होता. इमारत चाळीस वर्षांची आहे. प्लंबरने फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले आणि चार दिवसांनी डाग पुन्हा दिसला, तेव्हा फरशी काढणे भाग पडले. खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव पाणी पिऊन इतका जड झाला होता की दोन हमालांनी तो गोण्या अर्ध्याच भरून खाली नेला. भिंतीतला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बाहेरून धड दिसत होता, पण कापल्यावर आत गंजाचा एवढा थर निघाला की त्यातून पेन्सिलसुद्धा आरपार जाईना.

"ताई, हीच लाइन पुढे ओट्यामागे गेली आहे. आता फोडलेच आहे तर..." असे प्लंबर म्हणाला आणि हे वाक्य त्याने अर्धवटच सोडले. पुढील तीन महिने ते वाक्य सुताराने, वायरमनने, माझ्या सासूबाईंनी आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मीही, आपापल्या सोयीने पूर्ण केले. पाइप बदलण्यासाठी ओटा काढला, ओट्याचा कडप्पा काढताना तुटला, कडप्पा तुटला म्हणून ग्रॅनाइट आला, आणि ग्रॅनाइटखाली जुनी कपाटे शोभेनात. ऐंशी हजारांचा अंदाज साडेसहा लाखांवर गेला. न्हाणीघरात जलरोधक थर दिल्यावर ४८ तास पाणी तुंबवून ठेवले होते, तेव्हा काका खाली खुर्ची टाकून छताकडे पाहत बसले होते, आणि आमची तीन वर्षांची मुलगी त्यांच्या शेजारी बसून "अजून कोरडं आहे" असे दर अर्ध्या तासाने वर येऊन सांगत होती.

आपल्याकडे काम कुठून सुरू झाले, कोणत्या टप्प्यावर हाताबाहेर गेले, आणि त्यातले खरोखर गरजेचे किती होते, हे सविस्तर लिहावे. केवळ खर्चाचे आकडे नकोत.

ठाणे; दोघेही नोकरीत, मुलगा दुसरीत

आम्हाला तोडफोड टाळायची होती, आणि त्यामुळेच आम्ही फसलो. मोझॅकच्या जुन्या फरशीवरच रासायनिक चिकटद्रव्याने नवी फरशी बसवावी, म्हणजे राडारोडाही नको आणि सोसायटीची कटकटही नको, असा विचार होता. सोसायटीत ठोकाठोकीला सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा एवढीच मुभा असल्याने तो शहाणपणाचा वाटला. मात्र जमीन जेमतेम दीड सेंटिमीटर वर आली आणि घरातील एकही दार उघडेना. सगळी दारे उतरवून खालून तासली. तासल्यावर त्यांच्या कडा उघड्या पडल्या, म्हणून रंगकाम आले. दारे रंगवली तेव्हा चौकटी कळकट दिसू लागल्या. बाल्कनीतही फरशीवर फरशीच बसवली होती. तेथील पातळी सरकत्या दाराच्या ट्रॅकच्या बरोबरीला आल्याने पहिल्याच जोराच्या पावसात पाणी हॉलमध्ये शिरले. ते अजूनही शिरते, आणि आम्ही जुने टॉवेल लावतो. यावर उपाय कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावा.

मूळ गाव राजापूर तालुक्यात, मुक्काम मुंबईत

आजीला रात्री अंगणापलीकडे जावे लागू नये म्हणून पडवीच्या एका कोपऱ्यात संडास बांधायचा, एवढेच ठरले होते. घर जांभ्या चिऱ्याचे, छप्पर मंगलोरी कौलांचे. नवी भिंत छपराला भिडवताना गवंड्याने चार कौले काढली आणि मला वर बोलावून एक वासा दाखवला. मी त्याला अंगठ्याने दाबले, तर अंगठा पेराइतका आत गेला. वरची साल शाबूत होती आणि आत नुसती वाळवीची माती होती. तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता, म्हणजे पावसाला जेमतेम दीड महिना उरला होता. एक वासा बदलला तर शेजारच्याचे काय, आणि वासे बदलायचे तर जुन्या रिपा ठेवायच्या का, या प्रश्नांची उत्तरे शोधत आम्ही अखेर संपूर्ण छप्पर उतरवले. सागवान परवडणारे नसल्याने लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) घातल्या, परंतु कौले मात्र धुऊन, निवडून तीच परत चढवली. पत्रा टाकण्याचा आग्रह बहुतेकांनी केला होता, तो मानला नाही याचे मला आजही समाधान आहे, कारण मे महिन्यात पत्र्याखाली बसून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आजी सगळा वेळ शेजारच्या ओटीवर होती. "मी संडास सांगितला होता रे, घर नव्हे," एवढेच ती म्हणाली.

रेडिंग, इंग्लंड, बाळ तेव्हा आठ महिन्यांचे

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांमधली भिंत काढायची, एवढीच आमची इच्छा होती. भिंतीवर वरच्या मजल्याचा भार असल्याने अभियंत्याकडून पोलादी तुळईचे गणित करून घ्यावे लागले, आणि बांधकाम नियंत्रण विभागाची तपासणीही आली. घर जोडघर असल्यामुळे तुळईचे एक टोक शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीत बसणार होते, आणि अशा कामासाठी १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. त्यातच छतावर जुना नक्षीदार आर्टेक्सचा लेप होता. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज) संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली; त्याआधीच्या अशा लेपात ते असू शकते, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ते निघाले. घरात रांगते बाळ असताना धोका पत्करायचा नाही म्हणून छत उतरवून घेतले, आणि छत उघडे पडल्यावर वरची जुनी वायरिंग दिसली. अकरा आठवडे आम्ही बाथटबमध्ये भांडी घासली आणि झोपण्याच्या खोलीत कुकर लावला. वरण-भाताचा वास पडद्यांना अजून येतो.

नागपूर

आम्ही थांबलो, म्हणून थोडक्यात लिहितो. पत्नीने वहीत तीन रकाने आखले होते: आता, नंतर, आणि कोणी सुचवले. तिसऱ्या रकान्यात सुताराचे नाव अकरा वेळा आल्यावर त्याचा हिशेब चुकता केला. एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, बाकी वही अजून कपाटात आहे.

मुंबई, स्थापत्य अभियंता

वरील अनुभवांत हौस आणि गरज यांची सरमिसळ झालेली आहे. ओल, गंजलेले पाइप, कमकुवत वायर आणि वाळवी ही कामे वाढलेली नसतात. ती आधीपासून तेथेच असतात, फक्त दिसत नाहीत. त्यामुळे पहिली फरशी उचकटण्यापूर्वी अंदाजाच्या एक-चतुर्थांश रक्कम बाजूला ठेवावी आणि ती ग्रॅनाइटवर खर्च करू नये. दुसरी गोष्ट वजनाची. पाच सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरते, म्हणून जुना कोबा न काढता त्यावर नवा ओतणे जुन्या इमारतीत टाळावे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालाची प्रत सोसायटीकडून मागून घ्यावी आणि मगच भिंतीला हात लावावा.

ठाण्याच्या बाल्कनीबाबत: टॉवेलने भागणार नाही. बाल्कनीतील दोन्ही फरश्या काढून, पाण्याच्या जाळीकडे उतार देऊन, जलरोधक थरावर एकच फरशी बसवावी. ती तोडफोड नको असेल, तर ग्रॅनाइटच्या पट्टीवर ट्रॅक उचलून घेता येईल. मात्र तेवढ्याने दाराची उंची कमी पडेल, दार नवे करावे लागेल, आणि दार काढलेच आहे तर त्याभोवतीची चौकटही एकदा तपासून घ्यावी.