आदेश पाठवला म्हणजे यंत्र चाललं का?

सिग्नलवाला:
स्वतःच्या स्क्रिप्टने नेटवर्कवरून यंत्रं कशी चालवायची, यावर काल इथेच एक पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात घुमत राहिली. "आयपी आणि पोर्ट माहीत असला की सॉकेट उघडा, आदेश ढकला, सॉकेट बंद करा. दहा ओळी. ब्रोकर, हब, ड्रायव्हर हे सगळं फुगवलेलं प्रकरण." (सॉकेट म्हणजे प्रोग्रामने यंत्राशी उघडलेली जोडणी, ब्रोकर आणि हब म्हणजे मधले निरोपे.) खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्या दहा ओळींत उत्तर वाचणारी एकही ओळ नव्हती, आणि ते कोणाच्या नजरेत आलं नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय.

'सेंड' यशस्वी झालं म्हणजे तुमच्याच संगणकाच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ते बाइट आपल्या बफरमध्ये, तात्पुरत्या साठ्यात, ठेवून घेतले, बस. यंत्रापर्यंत पोचले का, त्याला समजले का, त्याने काही केलं का, हे तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही.

नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवायची ठरलेली भाषा, पीजेलिंक घ्या, पोर्ट ४३५२. जोडणी झाल्यावर पहिल्यांदा प्रोजेक्टर बोलतो, पासवर्ड लागेल की नाही ते सांगतो. लागणार असेल तर एक यादृच्छिक संख्या देतो. तिला पासवर्ड जोडून एमडी५ (मजकुराचा गणिती ठसा) काढायचा आणि आदेशाच्या आधी लावायचा. म्हणजे न वाचता ढकलणाऱ्याचा खेळ तिथेच संपला. पुढे 'चालू हो' म्हटल्यावर 'ओके' येतं, तेही फक्त आदेश मान्य केल्याचं. स्थिती विचारलीत तर ३ येतो, म्हणजे दिवा तापतोय. नंतर १. बंद करताना २, म्हणजे थंड होतोय, आणि त्या वेळात पुन्हा चालू करायला गेलात तर 'एरर ३', आत्ता जमणार नाही.

मी हे भर कार्यक्रमात भोगलंय. कोणीतरी चुकून रिमोटने प्रोजेक्टर बंद केला, मी लगेच स्क्रिप्ट चालवलं, माझ्या पडद्यावर हिरवं 'चालू' आलं आणि सभागृहात काळा पडदा. वक्ता माझ्याकडे बघतोय, मी हिरव्या अक्षरांकडे बघतोय. ते स्क्रिप्ट मी असंच कुठून तरी उचललं होतं.

साधंसरळ:
ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

मी लिहिलं त्याचं कारणही ऐका. माझ्याकडे दिवे आणि पडद्यांच्या मोटरी एका तयार हबवर होत्या. कंपनीने तिची सर्व्हर सेवा बंद केली आणि एका सकाळी सगळं ठप्प. मोटरी शाबूत, वायर शाबूत, पण आदेश दूरच्या सर्व्हरला वळसा घालून यायचा आणि तो सर्व्हरच नाही. भिंतीपलीकडच्या मोटरीला हलवायला जगाला प्रदक्षिणा! मोटरीच्या नियंत्रकावर एक उघडं पोर्ट सापडलं, मी स्क्रिप्ट लिहिलं, आणि आज चार वर्षं ते एकदाही बिघडलेलं नाही. साधी गोष्ट टिकते, हे मी अनुभवाने बोलतोय.

प्रयोगवही:
एकदाही बिघडलं नाही, की बिघडलेलं कळलं नाही? उत्तर वाचत नसाल तर या दोन्हींत फरक कसा करणार?

माझं सांगते. मोजमापाची उपकरणं, त्यांची आदेशांची भाषा एससीपीआय, पोर्ट ५०२५. रात्रभर दर मिनिटाला व्होल्टेज, तापमान विचारायचं आणि फाइलमध्ये लिहायचं. मध्येच एकदा उपकरणाला उत्तर द्यायला उशीर झाला, माझा टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, आधी संपला, स्क्रिप्टने पुढचा प्रश्न विचारला. पण ते उशिराचं उत्तर बफरमध्ये पडून होतंच! तिथून पुढे प्रत्येक प्रश्नाला मागच्या प्रश्नाचं उत्तर. आकडे अगदी शहाण्यासारखे दिसत होते. तापमान आणि व्होल्टेज आलटून पालटून विचारत होते म्हणून सकाळी पकडता आलं, एकच राशी असती तर तो आलेख मी बिनदिक्कत अहवालात लावला असता.

तेव्हापासून टाइमआउट झाला की ते सॉकेट बंद करून नवीन उघडायचं, आणि प्रत्येक सेटिंगनंतर उपकरणाची त्रुटींची रांग विचारायची. यात फुगवलेलं काय आहे?

निळीवायर:
विषय निघालाच आहे तर माझंही दुखणं ऐका. माझी सगळी स्क्रिप्टं पायथॉन भाषेच्या टेलनेटलिबवर होती, म्हणजे टेलनेट या जुन्या प्रोटोकॉलने यंत्राशी बोलायच्या तयार मॉड्यूलवर. 'अमुक अक्षरं येईपर्यंत वाच' हे एका ओळीत व्हायचं. पायथॉनच्या ३.१३ आवृत्तीत ते काढूनच टाकलं! एका सकाळी संगणक अद्ययावत केला आणि त्या रात्री अकरा नेटवर्क-स्विचची स्क्रिप्टं 'असं मॉड्यूल नाही' म्हणून पडली. उत्तर वाचा म्हणून उपदेश करताय, पण वाचायचं हत्यारच काढून घेतलंय.

सिग्नलवाला:
३.११ पासून इशारा छापून येत होता, २०२२ पासून. ३.१३ आलं २०२४ मध्ये. दोन वर्षं मिळाली होती.

निळीवायर:
इशारा कोणाला दिसतो? माझी स्क्रिप्टं रात्री आपोआप चालतात, त्यांचा छापील मजकूर कोणी वाचत नाही. यंत्र पंधरा वर्षं जुनं, त्याचं फर्मवेअर बदलणार नाही, ते टेलनेटशिवाय दुसरं काही बोलत नाही. भाषा बदलली म्हणून मी स्विच फेकू का?

झडपमास्तर:
मुळात तुमच्यातल्या निम्म्यांना टेलनेटलिब लागतच नव्हतं. पोर्ट २३ दिसलं की टेलनेट समजायचं, ही जुनी खोड. पुष्कळ यंत्रं त्या पोर्टवर नुसता साधा मजकूर बोलतात. खरं टेलनेट म्हणजे १९८३ चं आरएफसी ८५४ हे इंटरनेटचं मानक. त्यात २५५ हा बाइट आला की पुढे दोन्ही बाजूंची जोडणीच्या नियमांबद्दलची वाटाघाट येते, आणि खरा २५५ पाठवायचा तर दोनदा लिहावा लागतो. मी एका साध्या सॉकेटवर टेलनेट लायब्ररीने बायनरी आदेश पाठवणारं स्क्रिप्ट दुरुस्त केलंय. २५५ असलेला प्रत्येक आदेश एका बाइटने लांब जात होता. लिहिणाऱ्याने तीन आठवडे वायर बदलण्यात घालवले.

निळीवायर:
माझे स्विच खरं टेलनेटच बोलतात. माझी यंत्रं न बघता मला शिकवू नका.

झडपमास्तर:
मग टेलनेटलिबची जुनी फाइल उचला आणि स्क्रिप्टशेजारी ठेवा. ती एकच फाइल आहे. दहा मिनिटांच्या कामासाठी इथे गळा काढताय.

निळीवायर:
गळा काढणं? रात्री दोन वाजता उठून बंद पडलेली अकरा स्क्रिप्टं मी सावरली आहेत. तुमच्या कारखान्यात असं झालं असतं तर तुम्ही असंच बोलला असतात का?

प्रयोगवही:
दोघंही थांबा जरा. निळीवायर, राग समजतो, पण 'अमुक अक्षरं येईपर्यंत वाच' हे साध्या सॉकेटवर सात-आठ ओळींत होतं. येईल तेवढं घ्यायचं, साठवायचं, ओळ पूर्ण झाली की तोडायची, उरलेलं पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचं. सॉकेटखालचा प्रोटोकॉल, टीसीपी, म्हणजे बाइटांची धार, तिला आदेशाची सुरुवात-शेवट माहीत नसतो. एका 'रिसीव्ह'मध्ये अर्धं उत्तर येऊ शकतं किंवा दीड. टेबलावर छोट्या वायरने नेहमी अख्खंच येतं, म्हणून लोक फसतात.

आणि खरी चीड मला यायला हवी! ओळ कुठे संपते हेच पुस्तिकेत लिहीत नाहीत. सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन न दिसणारी अक्षरं. पीजेलिंकला सीआर लागतो, माझ्या उपकरणांना एलएफ, काहींना दोन्ही. शेलमधून, म्हणजे कमांडच्या खिडकीतून, 'एको' केलं की एलएफ जातो आणि सीआरची वाट बघणारं यंत्र तोंड मिटून बसतं. एका नियंत्रकावर माझा अख्खा दिवस या एका बाइटपायी गेला.

निळीवायर:
ठीक आहे, आठ ओळी. लिहीन. पण काढून टाकणं चूकच होतं, यावर मी ठाम आहे.

साधंसरळ:
टेलनेट बाजूला ठेवाल का? मला एकानेही सांगितलं नाही की माझ्या पडद्याच्या मोटरीसाठी एवढा पसारा का मांडायचा. पडदा उघडला की नाही ते डोळ्यांना दिसतं.

झडपमास्तर:
घरी असाल तर दिसतं. नसाल तर उंटावरून शेळ्या हाकणं आहे ते.

मी मॉडबसवर काम करतो, कारखान्यातल्या यंत्रांचा प्रोटोकॉल, पोर्ट ५०२. मूळ प्रोटोकॉल १९७९ चा, ओळखपाळख विचारण्याची त्यात सोयच नाही. जो पोचला त्याने लिहावं. रजिस्टर (यंत्रातला आकड्याचा कप्पा) लिहिलं की यंत्र तेच परत पाठवतं. नवी मुलं तो प्रतिध्वनी बघून 'झडप उघडली' लिहून मोकळी होतात. रजिस्टरमध्ये आकडा बसला, एवढंच कळलं. झडप उघडली हे टोकाला लावलेला मर्यादा-स्विच सांगतो, त्याचं रजिस्टर वेगळं वाचावं लागतं. आमच्याकडे प्रतिध्वनी बरोबर होता आणि झडपेचा दांडा निखळलेला. टाकी भरून वाहिली तेव्हा कळलं. सिग्नलवाल्यांच्या म्हणण्याला मी आणखी एक पायरी जोडतो: उत्तर वाचणंही पुरत नाही, स्थिती वाचा.

सिग्नलवाला:
मान्य. माझ्या पोस्टमध्ये ते हवं होतं.

साधंसरळांना एक विचारतो. नियंत्रकाची वीज गेली तर तुमच्या स्क्रिप्टला कसं कळतं? वायर उपटली की 'जोडणी संपली' असं सांगायला तिकडे कोणी उरत नाही. लिनक्सवर कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ही आपोआप विचारपूस, मुळात बंद असतं, आणि नुसतं चालू केलंत तरी पहिली विचारपूस दोन तासांनी होते.

साधंसरळ:
माझं स्क्रिप्ट जोडणी धरून ठेवतच नाही. दर वेळी नवीन उघडतं, त्यामुळे हा प्रश्न मला नाही. बघा, साधेपणाचा फायदा.

सिग्नलवाला:
हा मुद्दा तुमचा, नाइलाजाने देतो. तुमच्या बाबतीत दर वेळी नवी जोडणी हेच बरोबर. आणि ब्रोकर हवाच असं मी कुठे म्हटलं नाही. तुमच्या दोन मोटरींना ब्रोकरवर चालणारं एमक्यूटीटी लावायला मीही सांगणार नाही. माझी तक्रार 'दहा ओळी पुरतात' या वाक्यावर आहे, कारण नवखे ते वाचून जसंच्या तसं उचलतात.

साधंसरळ:
काल रात्री तुमच्या सगळ्यांच्या आग्रहाखातर स्क्रिप्टमध्ये उत्तर वाचणं घातलं. पाच सेकंदांचा टाइमआउट, आणि आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट फाइलमध्ये.

आज संध्याकाळपर्यंत चौदा आदेश गेले. बारांना होकार आला. दोन वेळा नियंत्रकाने 'व्यस्त' असं कळवलंय, दोन्ही वेळा दोन्ही मोटरींना लागोपाठ आदेश गेला तेव्हा. आता आठवतंय, डावा पडदा कधीकधी अर्धवट राहायचा आणि मी दर वेळी त्याच्या रुळात तेल सोडायचो.

ओळी अडतीस झाल्या. मूळ पोस्टमधला दहाचा आकडा बदलतो. नवं स्क्रिप्टही तिथेच टाकतो. प्रयोगवहीताई, ओळ तोडण्याचा भाग एकदा तपासून द्या. 'व्यस्त' आल्यावर किती थांबून पुन्हा विचारायचं, ते मला अजून नीट जमलेलं नाही.