प्रतिसाद: दिल्लीचीच कॉपी?

वर कुणीतरी लिहिलंय की प्रांतोप्रांतीच्या सुलतानांनी इमारती बांधताना दिल्लीच्या सुलतानांचीच कॉपी मारली, ते काही पटलं नाही बुवा. अहमदाबादची जामा मशीद घ्या, गुजरातचा सुलतान अहमदशहा याने १४२४ मध्ये पूर्ण केलेली. आत शिरलं की अडीचशेच्या वर खांब, एखाद्या देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं वाटतं, कारण घडवणारे हात तिथलेच होते, पिढ्यान्‌पिढ्या देवळं-देरासरं (म्हणजे जैन मंदिरं) बांधलेले. मिनारांचे वरचे भाग १८१९ च्या भूकंपात पडले पण बुंधे शाबूत आहेत, ते जवळून बघा, देवळाच्या भिंतीला असतात तसेच कोनाडे, फक्त मूर्तीच्या जागी दगडात कोरलेली वेलबुट्टी!

बंगालात तर वेगळंच, तिकडे दगडाची टंचाई म्हणून सगळा कारभार विटांचा न् टेराकोटाचा, आणि छपराची कड बांबूच्या झोपडीसारखी वाकवलेली (पांडुआचा एकलाखी मकबरा गुगल करून बघा). आणि गंमत म्हणजे हेच वाकडं छप्पर पुढे मुघलांनी उचललं, शाहजहानने लाहोरच्या किल्ल्यात नौलखा नावाचा मंडप बांधला तो संगमरवरात, पण छप्पर बंगाली. मग कॉपी नक्की कोणी कोणाची केली म्हणायची?