डोकेदुखी, पाळी, हार्मोन्स: तुमच्या घरातले अनुभव लिहा

तापीकाठची: काल चोपड्याहून भाचीचा फोन. पाळीच्या आदल्या दिवशी अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात आणि घरचे म्हणतात मोबाईल कमी बघ. मला माझी मायच आठवली. डोक्याला पदर आवळून अंधारात पडायची, बाहेरून आजी, "नाटकं करी ऱ्हायनी ती." चाळिशीनंतर तर फारच वाढलं, पाळी गेल्यावर हळूहळू थांबलं. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, झपकन उतरतं आणि त्याने मायग्रेन, म्हणजे हीच अर्धशिशी, चाळवतं, हे तेव्हा कोण सांगणार. वयात येईपर्यंत मायग्रेन मुलामुलींत साधारण सारखंच, नंतर बायकांमध्ये जवळपास तिप्पट. लिहा ना, पुरुषांनी पण.

रावेरची वहिनी: गरोदरपणात शेवटचे महिने डोकं एकदम शांत होतं माझं, तेव्हा इस्ट्रोजेन चढतंच राहतं ना. बाळ झालं की लगेच परत सुरू. सासूबाई म्हणे डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीत. कुकर झाला, येते.

केळीबाग: वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, दाबायची इंजेक्शनं चालू आहेत. जन्मभर केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस, विळा लागला तर हळद दाबून परत कामाला, आता थंडीतही अंगातून वाफा निघतात, खांदे गुडघे दुखतात म्हणून रात्री उठून बसतात. परवा त्यांनीच मायला तिची पाळी गेली तेव्हाचं विचारलं, "तुलेबी असंच व्हये का?" माय म्हणे, "मंग! तवय तुम्हीच म्हनेत, काय व्हयनं तुले."

भुसावळ जंक्शन: काकांना जपा भाऊ. यंदा केळीला भाव कसा?

केळीबाग: नका विचारू.

धुळ्याची सिस्टर: वॉर्डात रोज बघते. ब्रेस्ट कॅन्सरनंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी इस्ट्रोजेन अगदी तळाला जातं, साधारण निम्म्या बायकांचे सांधे दुखतात, सकाळी मूठ वळत नाही. बऱ्याच जणी गुपचूप गोळी सोडतात, तसं करू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, रोज चालण्यानेही फरक पडतो. आणि मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील तर गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ते सांगाच, इस्ट्रोजेनवाल्या गोळीने स्ट्रोकचा धोका वाढतो.

अमळनेरची लेक: अभ्यासातही बायका मागेच ठेवल्या. अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेतच नव्हते. वेदनेचे प्रयोगही बहुतेक नर उंदरांवर. २०१५ ला कॅनडात मॅकगिल विद्यापीठातल्या वेदना-संशोधक जेफ्री मोगिल वगैरेंनी दाखवलं की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी रोखल्या की नरांचं दुखणं कमी होतं, माद्यांना काहीच फरक नाही! फार राग येतो मला हे वाचून.

रावेरची वहिनी: आले. ताई, भाचीला सांगा कालनिर्णयवर पाळीची तारीख आणि डोकं दुखलं ती तारीख, दोन्हीवर खूण कर आणि ती पानंच डॉक्टरपुढे ठेव. माझं तेवढ्यावरच ऐकून घेतलं, नाहीतर टेन्शन घेऊ नका म्हणून पाठवायचे.

तापीकाठची: लगेच सांगते. तिच्या आईलाही सांगते, घरातलं तोंड आधी बंद व्हायला हवं.

भुसावळ जंक्शन: वहिनी, डिंक कुठला घेता? बायकोचे दिवस भरत आलेत.

रावेरची वहिनी: बाभळीचा बघून घ्या, तूप तापलं की थोडा थोडाच टाका, आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक घरीच कुटा.