बॉबी हर्ली कॉलेज बास्केटबॉलमध्ये एवढा भारी, मग एनबीएत (अमेरिकेच्या प्रोफेशनल लीगमध्ये) काय झालं?

भिंगरी:
परवा १९९१ च्या कॉलेज स्पर्धेची ड्यूक विरुद्ध यूएनएलव्ही सेमीफायनल पहिल्यांदाच पूर्ण बघितली आणि तेव्हापासून डोक्यात ड्यूकचा हर्लीच आहे. सहा फुटांचा किडकिडीत पोरगा, समोर सलग ४५ मॅच जिंकून आलेली टीम, आणि हा अजिबात गडबडत नाही. नंतर वाचलं की दोन टायटल, १९९२ च्या फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू, चार वर्षांत १०७६ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतो असे पास) म्हणजे त्या वेळचा कॉलेजचा रेकॉर्ड. पण एनबीएत मॅचला सरासरी ३.८ पॉइंट?? एवढा फरक कसा काय पडतो? उंची कमी पडली की कॉलेजचा खेळच सोपा होता?

जुना_प्रेक्षक:
उंचीवर जाण्याआधी अपघाताचं बघा. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सॅक्रामेंटोने त्याला सातव्या नंबरवर घेतलं होतं, म्हणजे एनबीएवाल्यांना तो चालणार असंच वाटत होतं ना. जेमतेम १९ मॅच झाल्या आणि १२ डिसेंबरला रात्री मॅच संपवून घरी जाताना गाडीला धडक बसली, सीटबेल्ट नव्हता, तो बाहेर फेकला गेला. श्वासनलिका डाव्या फुफ्फुसापासून तुटली होती. वाचला हेच खूप, आणि पुढच्या सीझनला परत कोर्टवर उतरला! पण ज्याचा सगळा खेळ पळण्यावर आणि दमावर उभा होता त्याचं फुफ्फुसच असं जखमी झाल्यावर सरासरीचे आकडे लावून काय मोजणार आपण. पाच सीझनमध्ये २६९ मॅच खेळला, मला तर ते आकडे कमी वाटतच नाहीत.

डावा_हात:
वरच्याशी सहमत, पण 'कॉलेजचा खेळ सोपा' हे मला पटत नाही. वेगळा म्हणा. हर्लीच्या चारही वर्षांत कॉलेजला शॉट क्लॉक (म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ) ४५ सेकंदांचं होतं (तो गेल्यावर लगेच पुढच्या सीझनला ३५ झालं), एनबीएत २४. म्हणजे कॉलेजात हर्लीसारख्या पॉइंट गार्डच्या (टीमचा खेळ चालवणाऱ्याच्या) हातात बॉल किती वेळ राहतो बघा, कधी थांबायचं कधी पळायचं हे सगळं त्यानेच ठरवायचं, चुकलं तर अख्खी टीम चुकते.

आणि तुम्ही १९९१ ची मॅच बघितलीत तर आता १९९० ची फायनल पण बघाच. समोर हीच यूएनएलव्ही. हर्ली पहिल्या वर्षाचा, त्यात पोट बिघडलेलं, जेमतेम २ पॉइंट, आणि ड्यूक १०३-७३ हरली. त्या सीझनमध्ये काही बिनसलं की लगेच तोंड पाडायचा, हात झटकायचा, म्हणून कोच शशेफ्स्कींनी त्याच्या चेहऱ्यांची टेप बनवून त्यालाच बसवून दाखवली. वर्षभराने तोच पोरगा, दोन-सव्वादोन मिनिटं उरलीत, ७६-७१ ने मागे, आणि सरळ थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारतो! मॅच ७९-७७ ने काढली. फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) ड्यूकच्याच लेटनरचे सगळ्यांना आठवतात पण तो थ्री नसता तर तिथपर्यंत पोचलेच नसते. मला विचाराल तर त्या एका वर्षात पोरगा जो बदलला तेच त्याचं सगळ्यात मोठं काम.

भिंगरी:
टेपचं माहीतच नव्हतं 😮 आता तो थ्री परत बघितला, शॉट घेताना चेहरा एकदम शांत आहे.

तिसरा_क्वार्टर:
उंचीचं मात्र पूर्ण सोडून देऊ नका. एनबीएतला जेलन ब्रन्सन पण सव्वासहा फुटांच्या आतलाच, विलानोव्हा कॉलेजकडून २०१६ आणि २०१८ ची टायटलं, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, तरी ड्राफ्टमध्ये ३३ वा गेला. म्हणजे बुटक्या गार्डवर शंका २५ वर्षांनी पण तशीच. फक्त त्याला सिद्ध करायला वेळ मिळाला, हर्लीला मिळाला नाही.

डावा_हात:
अगदी. वेळच नाही मिळाला. भिंगरी, एक मॅच अजून सांगतो, १९९३ ची कॅलिफोर्निया विरुद्धची, दुसरी फेरी, हर्लीची शेवटची कॉलेज मॅच. समोर पहिल्या वर्षाचा जेसन किड, जो पुढे एनबीएत मोठा पॉइंट गार्ड झाला. हर्लीचे ३२ पॉइंट, ड्यूक ८२-७७ ने हरली. स्कोअर आधी सांगितला त्याबद्दल सॉरी, पण तरी बघा, दुसऱ्या हाफमध्ये तर नुसतं त्याच्याकडेच बघत बसा.