जाहिरातीच्या युक्तिवादातील खोट ओळखताना: पर्याय (ब) की पर्याय (क)?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर मी सध्या बेळगावात राहून बँकेच्या आणि व्यवस्थापन प्रवेशाच्या परीक्षांची तयारी करीत आहे. आकडेमोड वेळेत होते. परंतु तर्कक्षमतेच्या भागात एखादी जाहिरात देऊन ‘पुढीलपैकी कोणते विधान या युक्तिवादाला सर्वांत जास्त बाधा आणते?’ असे विचारले की दोन पर्याय सहज बाद होतात आणि उरलेल्या दोहोंत मी अडकून पडते. सरावातील एक प्रश्न देते.

जाहिरात : ‘गेल्या परीक्षेत निवड झालेल्या १०० उमेदवारांपैकी ९० जणांनी आमची सराव परीक्षामाला सोडवली होती. तेव्हा परीक्षामाला सोडवा, तुमचीही निवड निश्चित आहे.’

(अ) परीक्षामालेचे शुल्क इतरांपेक्षा जास्त आहे.
(ब) परीक्षामाला न सोडवताही काही जणांची निवड झाली.
(क) निवड न झालेल्यांपैकीही सुमारे ९० टक्के उमेदवारांनी हीच परीक्षामाला सोडवली होती.
(ड) ही जाहिरात परीक्षामाला विकणाऱ्या संस्थेनेच दिली आहे.

उत्तरसूचीत (क) दिले आहे, स्पष्टीकरण मात्र नाही. (ब) मुळेही दावा ढासळतो असे मला वाटते. मग (क)च का?

उत्तर १ : तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आधी जाहिरातीचे दोन तुकडे करा. ‘निवड झालेल्या १०० पैकी ९० जणांनी परीक्षामाला सोडवली होती’ हा आधार आणि ‘परीक्षामाला सोडवली की निवड होते’ हा निष्कर्ष. आधार खरा मानायचा, हा या परीक्षांचा पहिला नियम. तपासायचे ते एवढेच, की त्या आधारावर हा निष्कर्ष उभा राहतो का.

आता (ब) पाहा. १०० पैकी ९० असे म्हणताना उरलेले १० जण परीक्षामालेविना निवडले गेले, हे जाहिरातदाराने स्वतःच मान्य केले आहे. (ब) त्यात नवीन काहीच सांगत नाही. शिवाय ‘परीक्षामाला सोडवली तरच निवड होते’ असा दावा जाहिरातीत नाही. तिचा दावा ‘सोडवली की निवड होते’ असा आहे. पहिल्या वाक्यात परीक्षामाला ही आवश्यक अट ठरते, दुसऱ्यात ती पुरेशी अट ठरते, आणि (ब) हा पर्याय न केलेल्या दाव्याचे खंडन करतो. परीक्षक असे पर्याय मुद्दाम ठेवतात.

(क) कसा काम करतो ते आकड्यांनी पाहू. समजा, एकूण १,००० उमेदवार बसले. निवड झालेल्या १०० पैकी ९० जणांनी परीक्षामाला सोडवली होती. निवड न झालेल्या ९०० पैकीही ९० टक्के, म्हणजे ८१० जणांनी ती सोडवली होती. म्हणजे परीक्षामाला सोडवणारे एकूण ९०० आणि त्यांपैकी निवडले गेले ९०, म्हणजे १० टक्के. न सोडवणारे एकूण १०० आणि त्यांपैकी निवडले गेले १०, म्हणजे तेही १० टक्केच! ‘१०० पैकी ९०’ हा डोळ्यांत भरणारा आकडा जसाच्या तसा राहिला, आणि परीक्षामालेचा लाभ मात्र शून्य निघाला. यशस्वी लोकांचीच मोजणी करून अयशस्वी लोकांना नजरेआड करणे, हा जाहिरातींत नेहमी आढळणारा तर्कदोष आहे.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, हा दोष केव्हाच नोंदलेला आहे. जे सिद्ध करायचे ते साध्य आणि ज्या खुणेवरून ते सिद्ध करायचे तो हेतू. जिथे साध्य नाही तिथेही हेतू आढळला, तर तो हेतू सव्यभिचार, म्हणजे भरवसा ठेवता न येणारा होय. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान चालत नाही. तसेच, निवड न झालेल्यांनीही परीक्षामाला सोडवलेली असल्याने तिच्यावरून निवडीचे अनुमान चालत नाही.

(ड) विषयी एकच वाक्य : बोलणाऱ्याचा स्वार्थ दाखवल्याने सावध होता येते, परंतु युक्तिवाद खोडला जात नाही.

उत्तर २ : बँक कर्मचारी, निपाणी

सरांचे विवेचन पूर्णपणे पटले. ताई बँकेच्या परीक्षाही देणार आहेत, म्हणून एक भेद लक्षात आणून देतो. तिथे हीच जाहिरात ‘विधान आणि गृहीतक’ या प्रकारात येऊ शकते आणि तिथे खोट शोधायची नसते, तर जाहिरात न सांगता काय मानून चालते ते, म्हणजे तिचे गृहीतक, ओळखायचे असते. उदाहरणार्थ, ‘उत्तम इंग्रजी बोलायचे असेल तर आमच्या वर्गात या’ या जाहिरातीखाली दोन गृहीतके दिली जातात : पहिले, लोकांना उत्तम इंग्रजी बोलण्याची इच्छा आहे, दुसरे, केवळ याच वर्गात इंग्रजी चांगले शिकवले जाते. पहिले गृहीत धरल्याशिवाय जाहिरात देण्यालाच अर्थ उरत नाही, म्हणून ते ग्राह्य. दुसऱ्याची गरज नाही, म्हणून ते अग्राह्य. ‘केवळ’, ‘सर्व’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की थबकावे. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचून मग जाहिरातीकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उत्तर ३ : वकील, बेळगाव

प्रत्यक्षातील एक उदाहरण या चर्चेत उपयोगी पडेल. ‘८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात’ या जाहिरातीवर ब्रिटनमधील जाहिरात नियामक संस्थेने २००७ साली आक्षेप घेतला. पाहणीत दंतवैद्यांना एकाहून अधिक ब्रँड सांगण्याची मुभा होती; वाचणाऱ्याचा समज मात्र असा होत होता, की उरलेले २० टक्केच इतर ब्रँड सुचवतात. आकडा खोटा नव्हता, त्यातून निघणारा अर्थ दिशाभूल करणारा होता.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. तथापि कायद्याचे हे ज्ञान परीक्षेत आणू नका. कायदा जाहिरातदाराकडे पुरावा मागतो. परीक्षा पुरावा खरा मानून पुढचे पाऊल तपासते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. आज कुंदा या मिठाईच्या एका दुकानावरील पाटी याच रीतीने तपासून पाहिली : ‘साठ वर्षांची परंपरा, म्हणून शुद्धतेची खात्री.’ आधार जुनेपणाचा आहे आणि निष्कर्ष आजच्या कुंद्याचा आहे. दूध, कारागीर आणि पद्धत तीच राहिली आहे, हे मधले गृहीतक पाटीवर कुठेच नाही. म्हणून ‘गेल्या वर्षी दुकानाची मालकी आणि कारागीर दोन्ही बदलले’ हा पर्याय या दाव्याला बाधा आणील, आणि ‘शहरात याहूनही जुनी दुकाने आहेत’ हा पर्याय आणणार नाही. बरोबर आहे का, सर?

उत्तर ४ : तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

अगदी बरोबर. त्यात एवढीच भर घाला, की साठ वर्षांपूर्वीही तो कुंदा शुद्ध होता, हेदेखील पाटीने गृहीतच धरले आहे. आता ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश, म्हणून घरातील आजार टळतील’ हा दावा घ्या आणि उरलेल्या ०.१ टक्क्याचा उल्लेखही न करता त्याला बाधा आणणारी दोन विधाने लिहा.