मदत हवी आहे: साखरपुडा मोडला, अंगठ्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचा साखरपुडा मार्गशीर्षात झाला, लग्न वैशाखात धरलं होतं. फाल्गुनात मुलाकडच्यांनी मध्यस्थांकरवी निरोप धाडला, 'आमचं जमणार नाही.' कारण खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर बहिणीलाही हायसंच वाटलं. आता अडलंय ते देण्याघेण्यावर.

साडी, ओटी, पेढे यांचा हिशोब कोणी मांडत नाही. हॉल आणि जेवणं आमच्याकडे होती, त्यावरही पाणी सोडलं. राहिल्या दोन अंगठ्या. तिला त्यांनी घातलेली तीनेक ग्रॅमची. सैल होत होती म्हणून आईने खालून दोरा गुंडाळून दिला होता, तो अजून तसाच आहे. त्याला आम्ही घातलेली पाच ग्रॅमची, 22 कॅरेट, हॉलमार्कची. 'पाचाच्या खाली नको' हे याद्या करताना त्याच्याच काकांनी बजावलं होतं.

बाबा म्हणतात, ज्याचं त्याला देऊन मोकळे व्हा. काकूचं म्हणणं, मोडलं त्यांनी, मग आपण का द्यायची? मला बाबांचं पटतं. लग्नच नाही तर ती अंगठी ठेवून करायचं काय? शिवाय 'मोडलं कोणी' यावर बैठक बसली की नको ते बोललं जातं, आणि तेही मुलीबद्दलच.

पण परवा मध्यस्थ सांगून गेले की मुलाने आमची अंगठी सराफाकडे मोडलीसुद्धा, आणि ते पावतीवरची रक्कम द्यायला तयार आहेत. सोनं तेव्हापासून चढलंय. त्यांची अंगठी मात्र त्यांना जशीच्या तशी हवी!

आजच्या भावाने पैसे मागणं वाजवी आहे ना? घडणावळ धरावी का? आणि आमचं मिळेपर्यंत त्यांची अंगठी अडवून ठेवली तर अंगाशी येईल का? बोस्टनची मामेबहीण सांगते, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठरवलं की चूक कोणाची हे न बघता अंगठी देणाऱ्याला परत. इंग्लंडात उलटं, 1970 च्या कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर ती मुलीचीच. आपल्याकडे काय?

प्रतिसाद 1:
अंगठीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भेट दिली-घेतली की सहसा मागे घेता येत नाही, तशी अट आधी ठरली असेल तरच. 'लग्न होणार म्हणून दिली' ही अट धरायची का, यावर वकील दोन्हीकडून बोलतील. 'पाचाच्या खाली नको' ही मात्र सरळ मागणी दिसते, आणि 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नाआधी दिलेलंही येतं. पण त्याची धमकी देऊ नका. त्या कायद्यात हुंडा देणं हाही गुन्हा आहे.

प्रतिसाद 2:
आमच्या चुलतभावाच्या वेळी दोन्हीकडची माणसं सराफाच्या पेढीवर बसली. दोन्ही अंगठ्या काट्यावर ठेवल्या, वजनातला फरक त्या दिवशीच्या भावाने चुकता केला, घडणावळ दोघांनीही सोडली. तुमची मोडलीच आहे, तर पावतीवरचं वजन धरा, रक्कम नाही. रोख घेऊ नका, खात्यात घ्या. त्यांची अंगठी त्याच बैठकीत द्या, आणि 'देणंघेणं मिटलं' असं लिहून दोघांच्या सह्या, साक्षीला मध्यस्थ. अन् तो दोरा काढून मग वजन करा.